झाडांचा रस्ता

९ जानेवारी

निल्स,

पाकीट फाडून न टाकता उघडलंस, त्याबद्दल आधी आभार.

लुसीलनं पोस्टात पाकिटावरचं तुझं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा नाव वाचलं. "अजून डुलुथलाच असतो का गं तो?" एवढंच विचारलं आणि शिक्का असा आपटला की काउंटरवरची पेनं उडाली. तू गेल्यापासून ती तुझ्यावर रागावलेली आहे आणि दर नाताळात तुझ्या वाटणीची आल्याची बिस्किटं माझ्याकडे देते. ती मी खाते.

बातमी अशी की मी जपानला चालले आहे. वर्षभरासाठी. आमच्या विद्यापीठातून एक जण तिकडे जातो, त्यांचा एक इकडे येतो, आणि या वेळी आमच्याकडून माझी निवड झाली आहे. गाव नागासाकी. त्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून मार्चच्या शेवटी निघायचं. तोवर ही सहामाही मी सुटी घेऊन बेटावर काढते आहे. पासपोर्ट व्हिसासाठी शिकागोला गेला आहे. तिकीट काढून झालं आहे. खिडकीखाली बॅग उघडी पडली आहे आणि येताजाता मी तिच्यात काहीतरी टाकते, मग काढते.

तिकडच्या कार्यालयात ओगावाबाई म्हणून आहेत, त्या फार प्रेमानं पत्रं लिहितात. मी त्यांना विचारलं, हिवाळ्यात तुमचं बंदर गोठलं की तुम्ही पलीकडे कसे जाता? त्यांना वाटलं मी विनोद केला. मला खरोखर माहीत नव्हतं रे. समुद्राकाठी राहतात म्हणजे हिवाळ्यात पाण्यावरून चालत असतील, असंच मी धरून चालले होते. मग मी त्यांना सविस्तर लिहिलं, की आमच्याकडे नाताळ संपला की प्रत्येक घरचं झाड धक्क्यावर आणून टाकतात. सरोवराचा बर्फ धरला की माझे बाबा ती झाडं बर्फात रोवत जातात, इथून थेट पलीकडच्या गावापर्यंत, म्हणजे धुक्यात कुणाची गाडी वाट चुकून प्रवाहावरच्या पातळ बर्फाकडे जाऊ नये. त्यांचं उत्तर आलं, "हे मी दोनदा वाचलं. मग खिडकीतून बंदराकडे बघत बसले."

आपला बाबा बरा आहे. तुझं नाव घेत नाही. तूही त्याचं घेत नसशील. त्या मार्चमध्ये त्यानं बर्फावरचा रस्ता बंद केल्यावर तू गाडी घातलीस, गाडी तळाला गेली, तू कसाबसा वर आलास, आणि त्यानं गावसभेत उभं राहून तुझं नाव वाचलं. बंद रस्त्यावर जो जातो त्याचं नाव वाचलं जातंच. पण तो तुझं वाचेल असं तुला वाटलं नव्हतं. मी समोरच्या बाकावर होते. वाचून झाल्यावर त्याला कागदाची घडी घालता येत नव्हती, हे तू पाहिलं नाहीस, कारण तू तोवर निघून गेला होतास.

तू काम करतोस ती जहाजं मार्चच्या शेवटापर्यंत बंदरात बांधलेली असतात, हे मला माहीत आहे. म्हणजे हल्ली तू मोकळा असशील. सहज लिहिलं.

मारेन

२६ जानेवारी

निल्स,

उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं, पण रोज पोस्टात जाऊन आले. लुसील म्हणाली, "काही नाही आलं. आणि आलं असतं तर मी वाचूनच दिलं असतं."

रस्ता उघडला. यंदा बर्फ एकदम काळा आणि काचेसारखा धरला, बुडबुडेसुद्धा दिसतात आत अडकलेले. बाबा गिरमिट घेऊन पुढे, मी झाडांची ढकलगाडी घेऊन मागे. तो भोक पाडतो, मी झाड उभं करते, भोकात पाणी ओतते, आणि दुसरं झाड उचलेपर्यंत पहिलं पक्कं होतं. गसनं यंदाही आपल्या झाडावरच्या चमकीच्या माळा काढलेल्या नाहीत. बर्फावरून पंख्याची होडी चालवून माणूस दमतो, माळा कोण काढत बसणार, म्हणतो. त्यामुळे सरोवराच्या मधोमध एक झाड लुकलुकतंय.

दुपारी तिथं उजेड सगळीकडून येतो, सावली पडत नाही. आकाश आणि बर्फ एकाच रंगाचे. बाबा पुढे निघून गेला की मी थांबते आणि मोठ्यानं जपानी बोलते. "मी मारेन. मी बेटावरून आले आहे. मला मासे आवडतात." एवढंच नीट येतं. बोलता बोलता असं होतं की हा रस्ता पलीकडच्या गावात संपतच नाही. झाडं पुढे चालूच राहतात, एकामागून एक, आणि शेवटचं झाड नागासाकीच्या एका उंच जिन्याच्या तळाशी उभं असतं. जिन्यावर कुणीतरी धुतलेले कपडे वाळत घातलेत. एक मांजर. खाली पाणी हलतंय, हिवाळा असून हलतंय. हे सगळं मला उघड्या डोळ्यांनी दिसतं. मग बाबा ओरडतो, "मेलीस का गं?" आणि मी ढकलगाडी ओढायला लागते.

आता खरं ते लिहिते. बाबाचे डोळे जात चालले आहेत. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. हल्ली तो माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतो. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणतो जाऊन आलो, आणि विषय संपतो. समोरच्या गावाची पाण्याची टाकी नजरेत धरून तो सरळ रेषेत चालायचा, तुला आठवत असेल. आता टाकी त्याला दिसत नाही. त्यामुळे बेटाच्या टोकाजवळ आलं की झाडांची रांग हळूहळू प्रवाहाच्या बाजूला कलते. तो म्हणतो "इथं," आणि मी तिथं झाड लावते. "बाबा, इथं नाही," हे माझ्या तोंडून निघत नाही. तुझ्या निघेल का?

म्हणून मी पहाटे कुदळ घेऊन जाते आणि टोकाजवळची झाडं काढून पुन्हा नीट लावते. कुणाला माहीत नाही. बर्फातला तडा सरकला की रस्ता सरकतो, बाबा नवी झाडं रोवतो, आणि मी पुन्हा जाते. हा हिवाळा मी निभावते. पण पुढच्या जानेवारीत मी नागासाकीत असणार. तेव्हा पहाटे कोण जाणार? शाळेची व्हॅन त्याच रस्त्यानं जाते, निल्स.

तुमची जहाजं जानेवारीतच बांधली जातात. तू ये. आत्ता ये, मी तुला कुठे काय ते दाखवते, मग दर हिवाळ्यात ये. बाबाशी बोलू नकोस हवं तर. आपल्या घरात न बोलता राहणं कुणाला जड जात नाही.

मारेन

१२ फेब्रुवारी

निल्स,

कार्ड पोचलं. लुसीलनं ते दोन बोटांत धरून माझ्यापुढे केलं आणि म्हणाली, "एकच ओळ. शाई महाग झाली वाटतं डुलुथमध्ये."

"त्यानं बोलावलंय का?"

हे एवढंच? मी तुला डोळ्यांचं लिहिलं, व्हॅनचं लिहिलं, आणि तू मला आमंत्रण आहे का विचारतोस? नाही बोलावलं. तो कुणालाच बोलवत नाही. आई गेली त्या वेळीसुद्धा त्यानं पाद्रीबाबांना बोलावलं नव्हतं, ते आपण होऊन आले होते. तू त्याचा मुलगा आहेस हे मला कधीकधी फारच स्पष्ट दिसतं.

रागात आहे म्हणून आणखी एक लिहून टाकते. तिकीट काढलेलं नाही. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. व्हिसा आला, ओगावाबाईंनी खोलीचा नकाशा पाठवला, खिडकी कुठल्या बाजूला उघडते तेसुद्धा काढून दाखवलं, आणि मी नक्की येते की नाही हे या महिन्याच्या अखेरीला कळवायचं आहे. नाही कळवलं तर जागा दुसऱ्याला जाते. तुझं उत्तर येईल आणि मग कळवीन, असं ठरवून मी थांबले होते. आता उत्तर आलं आहे आणि मी अजून थांबलेलीच आहे.

गेल्या आठवड्यात ताप आला होता. नेमका तेव्हाच तडा सरकला आणि बाबा एकटाच झाडं लावून आला. मी अंथरुणात पडून टोकाकडचा तो भाग डोळ्यांपुढे आणत होते. तापात मला झाडं चालताना दिसली. ओळीनं, बुंध्यावर तोल सावरत, सगळी टोकाच्या दिशेनं निघाली होती, आणि गसचं झाड सगळ्यांत पुढे, माळा फरफटत. मी त्यांना थांबवायला जपानीत ओरडत होते आणि त्यांना जपानी येत नव्हतं.

ताप उतरल्यावर पहिल्या पहाटे धडपडत गेले. निल्स, झाडं सरळ होती. टोकापासून चांगली लांब, टाकीच्या दिशेनं दोरी लावल्यासारखी. मी खूप वेळ तिथं उभी राहिले. बाबाला दिसायला लागलं असं मला वाटलं, आणि मी त्या आनंदात घरी पळत आले. तो चुलीपाशी बसून माझ्या कानाकडे बघत म्हणाला, "बूट काढ, फरशी ओली होतेय." मी बूट घातलेलेच नव्हते, दाराशी काढून आत आले होते.

मारेन

२३ फेब्रुवारी

निल्स,

हे नीट बसून वाच.

परवा बाबानं पुन्हा झाडं हलवली. काल मी नेहमीपेक्षा लवकर निघाले, उजाडायच्या बरंच आधी. धुकं होतं. टोकाजवळ पोचले तर पुढे आवाज येत होते. आधी कुदळीचे, मग कुणीतरी नाक शिंकरल्याचा. धुक्यातून एक झाड माझ्या दिशेनं आडवं चालत आलं. मला वाटलं पुन्हा ताप चढला.

"कोण आहे तिकडे?" झाड म्हणालं. आवाज लुसीलचा.

"मारेन."

"मग उभी काय राहिलीस? ते टोक धर."

तिनं नवऱ्याचा जुना कोट घातला होता, तो तिच्या पायापर्यंत येतो. मागे गस होता, त्याच्या मागे आणखी पाचसहा जण, शाळेची व्हॅन चालवणारी बाईसुद्धा. कुणी भोकं पाडत होतं, कुणी जुनी भोकं बर्फानं बुजवून पायानं दाबत होतं.

"तुम्ही काय करताय इथं?" मी विचारलं.

"फिरायला आलोय," गस म्हणाला. "डॉक्टरनं सांगितलंय, पहाटे चालत जा."

"कुदळ घेऊन?"

"माझा डॉक्टर जरा कडक आहे."

लुसील म्हणाली, "गेल्या हिवाळ्यापासून चाललंय हे. हॅल्वर लावतो, आम्ही सरळ करतो. आम्हाला वाटलं तुला माहीत आहे. तू पण येतेस ना अधूनमधून?"

"तुम्हाला ठाऊक होतं मी येते ते?"

"अगं, तू लावलेलं झाड लांबून ओळखू येतं. एका बाजूला झुकलेलं असतं. तुझी पण आम्हीच नीट करतो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? एवढी मोठमोठ्यानं परक्या भाषेत बोलत, कुदळ नाचवत यायचीस. गस म्हणाला, पोरगी खुशीत आहे, करू दे तिला." मग ती माझ्याजवळ आली आणि कोटाच्या बाहीनं माझं तोंड पुसलं. मी रडतेय हे मला तेव्हा कळलं. "विमानात बस तू," ती म्हणाली. "रस्ता आम्ही बघतो. तुझ्या जन्माच्या आधीपासून बघतोय."

मी त्यांच्याबरोबर शेवटचं झाड लावलं. गसनं ते लगेच माझ्यासमोर सरळ केलं.

घरी येताना मला कसला राग आला होता ते सांगू? त्यांनी माझं काम काढून घेतलं याचा. मग लाज वाटली. मग मी बर्फावर बसून राहिले, कारण आता मला न जायला काही कारणच उरलं नव्हतं. तुला इतकं लिहिलं, बाबाचे डोळे, व्हॅन, पुढचा हिवाळा. सगळं खरं होतं. पण त्याच्या मागे मी लपून बसले होते. मला जायची भीती वाटते, निल्स. तिथं मला कुणी ओळखणार नाही, मी लावलेलं झाड लांबून ओळखणारं तिथं कुणी नसेल. तुला पहिल्या वर्षी असंच वाटलं होतं का? तू कधी कुणाला सांगितलं नसशील.

आज ओगावाबाईंना कळवलं की येते. तिकीट खरोखर काढलं. लुसीलला दाखवलं तर म्हणाली, "खिडकीची जागा नाही घेतलीस? वेडीच आहेस." आता बदलता येत नाही.

तुला आता रस्त्यासाठी यायची गरज नाही, हे कळवायला हे पत्र.

मारेन

२० मार्च

निल्स,

परवा सकाळी निघते. रस्ता बंद झाला, बर्फ राखाडी पडलाय, गस मला पंख्याच्या होडीतून पलीकडे सोडणार आहे. ती होडी बर्फावरून घसरत जाते, मधेच पाण्यात उतरते, पुन्हा बर्फावर चढते, आणि आवाज इतका की निरोपाचं कुणी काही बोललं तरी ऐकू येत नाही. मला ते बरंच वाटतंय.

बॅग भरून झाली. रानतांदूळ, मेपलची साखर, ओगावाबाईंसाठी लुसीलनं विणलेले हातमोजे. नागासाकीत हातमोजे कशाला लागतील म्हटलं, तर ती म्हणाली, "त्यांना ठेवू दे. वाटलं तर बंदर गोठेल तेव्हा घालतील." ओगावाबाईंच्या ताज्या पत्रात आहे की मी पोचेन तेव्हा तिथं झाडांना फुलं आलेली असतील आणि ती वाऱ्यानं पाण्यावर पडत असतील. रोज झोपताना मी ते पाणी बघते. फुलांनी पांढरं झालेलं, आणि तरी हलणारं. त्यावर पाऊल ठेवावं की नाही ते मला स्वप्नातही ठरवता येत नाही.

आज सकाळी बाबा ओटची लापशी खात होता. मधेच म्हणाला, "या वर्षी सरळ होती का झाडं?"

"कुठली झाडं?"

"मी वाकडी लावलेली."

माझा चमचा तसाच राहिला. तो शांतपणे खात होता. "मी जिथं भोक पाडतो तिथं दुसऱ्या दिवशी बुजवलेला बर्फ लागतो पायाला. आणि माझी झाडं रात्रीत चालत जातात हे खरं मानण्याइतका काही मी म्हातारा झालो नाही."

"मग थांबत का नाहीस तू?"

"मी थांबलो की ती सगळी घरी येतील. केक घेऊन. बसतील इथं ओळीनं. कसा आहेस हॅल्वर, डोळे कसे आहेत हॅल्वर." त्यानं तोंड वाकडं केलं. "त्यापेक्षा हे बरं. मी लावतो, ते उपटतात. सगळ्यांचा व्यायाम होतो."

मी हसले. मग तो म्हणाला, "निल्सला लिहितेस ना तू?"

"लुसीलनं सांगितलं?"

"ती तुझ्या पाकिटावर शिक्का मारते तो इथवर ऐकू येतो. काय लिहितेस?"

"ये म्हणून लिहिलं होतं. पुढच्या हिवाळ्यात झाडांच्या कामाला."

बाबानं वाटी बाजूला सारली. खिडकीबाहेर धक्क्यावर गस होडीचा पंखा पुसत होता, बाबाला तो दिसत नसणार, पण तो तिकडेच बघत बसला.

"कामाला कशाला बोलावलंस?" तो म्हणाला. "मी त्या पोराला जन्मभर कामालाच हाक मारली. बर्फ फोड, जाळी ओढ, गाडी काढ. दुसऱ्या कशासाठी मारल्याचं आठवत नाही. त्याला तरी कुठून आठवणार?"

मी म्हटलं, "मग तूच लिही त्याला."

"माझ्या ओळी वाकड्या जातात आता. लुसील पोस्टात बसून सरळ करत बसेल." मग त्यानं टेबलावर हात ठेवला, गावसभेत उभा राहिल्यावर ठेवतो तसा, आणि म्हणाला, "तू लिही. मी सांगतो तेवढंच लिही, पदरचं घालू नकोस."

मी कागद घेतला. त्यानं दोनदा सुरुवात केली, दोनदा मला खोडायला लावलं. तुझं जहाज सुटायच्या आधी एक शुक्रवार आहे, हे त्यानंच मला सांगितलं. कुठून कळलं ते मी विचारलं नाही. तो बोलला ते असं:

"निल्स, मारेन चालली. इथं काही काम नाही. शुक्रवारी मासे तळणार आहे. जेवायला ये."